कातरलेली रोमन सिलिक्वा: जबड्यावर दाढी, नाव अर्धवट. सम्राट कोणता?

सोनचाफा

इंग्लंडमधल्या एका विक्रेत्याकडून घेतलेलं रोमन चांदीचं नाणं नक्की कोणाचं, ते ठरवायचं आहे. पाकिटावर फक्त "उत्तरकालीन रोमन सिलिक्वा, थिओडोसियस किंवा आर्केडियस" असं लिहिलं आहे. फोटोत काहीच नीट येत नाही, म्हणून वर्णन देते. रोमन अक्षरं त्यांच्या नावांनी लिहिली आहेत. नाण्यावर "यू"च्या जागी "व्ही" असतो, तो तसाच ठेवला आहे.

वजन १.०२ ग्रॅम (०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा). सर्वात रुंद व्यास १३.५ मिमी, सर्वात अरुंद १२.५ मिमी. कड गोल नाही, छोटे छोटे सरळ काप दिसतात. कापांवरही बाकीच्या नाण्यासारखाच करडा रंग आहे.

पुढची बाजू: उजवीकडे पाहणारी अर्धप्रतिमा, केसांभोवती मोत्यांचा पट्टा, मानेमागे फितीची टोकं, अंगावर वस्त्र. जबड्यावर दाढीसारखं काहीतरी, पण ती गंजाची खरबरीत जागाही असू शकेल. लेखातल्या अक्षरांचा बाहेरचा अर्धा भाग कापला गेला आहे. डोक्याच्या उजवीकडे "व्ही-एस-पी-एफ" लागतं, डावीकडचं लागत नाही.

मागची बाजू: शिरस्त्राण घातलेली, बसलेली स्त्री, तोंड डावीकडे. एका हातात गोळा आणि त्यावर छोटी आकृती, दुसऱ्या हातात भाला किंवा काठी. खाली आडवी रेघ, आणि त्या रेघेखाली अक्षरांची नुसती डोकी.

प्रश्न तीन. सम्राट कोण? नाणं खरं आहे हे घरच्या घरी किती तपासता येईल? आणि काळे डाग काढू का?

जुनाबाजार

दाढी असेल तर ज्युलियन. चौथ्या शतकाच्या उत्तरार्धात दाढी ठेवणारा सम्राट म्हणजे तोच, ३६१ ते ३६३. बाकी सगळे गुळगुळीत.

टांकसाळ

ज्युलियन नाही. मागची बाजू जुळत नाही. त्याच्या दाढीवाल्या सिलिक्वांवर मागे सहसा पानांची माळ असते आणि माळेच्या आत नवसाचा मजकूर: "व्ही-ओ-टी एक्स, एम-व्ही-एल-टी एक्स-एक्स". म्हणजे दहा वर्षांचा नवस फेडला, आता वीस वर्षांचा. प्रोकोपियसही (सप्टेंबर ३६५ ते मे ३६६) दाढीवाला आणि बंडखोरच. पण त्याच्या सिलिक्वेवरही माळ आणि "व्ही-ओ-टी व्ही"च आहे, आणि ती पूर्वेकडची.

बसलेली रोमा देवी आणि दाढी एकत्र आली, तर माझ्या मते एकच नाव उरतं: युजेनियस. २२ ऑगस्ट ३९२ ते ६ सप्टेंबर ३९४. पण दाढी खरी आहे की नाही हे अजून ठरलेलं नाही, म्हणून नुसत्या दाढीवर शिक्का मारू नका. आधी मागची बाजू, मग लेख, आणि सगळ्यात शेवटी दाढी.

मागची बाजू अशी तपासा. रोमा देवीचं पूर्ण शरीर समोर असेल, फक्त डोकं डावीकडे, आसन पाठ असलेलं, आणि हातातल्या गोळ्यावर कोणी नसेल, तर ते ट्रियर (आजच्या जर्मनीतलं शहर) इथल्या टांकसाळीचं आधीचं चित्र. मॅग्नस मॅक्सिमसच्या (३८३ ते ३८८) ट्रियरच्या सिलिक्वा अशाच असतात. रोमा एका बाजूनं दिसत असेल, चिलखतावर बसली असेल, हातातल्या गोळ्यावर पंख पसरलेली विजयादेवी असेल आणि भाल्याचं टोक खाली असेल, तर ते नंतरचं चित्र. युजेनियसचं हेच. तुमच्या वर्णनात "गोळा आणि त्यावर छोटी आकृती" आहे, त्यामुळे माझा कल नंतरच्या चित्राकडे आहे. आसन मात्र पुन्हा बघा. चिलखत छातीच्या पिंजऱ्यासारखं, वर रुंद आणि खाली आवळलेलं दिसतं. सिंहासनाला सरळ उभे पाय असतात.

मागचा मजकूर "व्ही-आय-आर-टी-व्ही-एस आर-ओ" असा डावीकडे आणि "एम-ए-एन-ओ-आर-व्ही-एम" असा उजवीकडे असायला हवा. अर्थ "रोमनांचा पराक्रम". त्याऐवजी "व्ही-आर-बी-एस" आणि "आर-ओ-एम-ए" अशी चार-चार अक्षरं लांब अंतरानं असतील तर प्रकार वेगळा. आणि सुरुवात "व्हिक्टोरिया"नं होत असेल, तर आपण पाचव्या शतकात गेलो, तिसऱ्या कॉन्स्टंटाइनच्या आसपास.

कसोटी

टांकसाळ यांनी दिलेला क्रम बरोबर आहे. मी फक्त लेखाबद्दल सविस्तर लिहितो, कारण या काळच्या कातरलेल्या नाण्यांत सगळी फसगत तिथेच होते.

सोनचाफाताई, तुम्हाला उजवीकडे "व्ही-एस-पी-एफ" दिसलं, पण त्याचा इथे काही उपयोग नाही. या काळात लेख डोक्यावर तुटतो, अर्धा डावीकडे आणि अर्धा उजवीकडे. आता तीन सम्राटांची नावं बघा (डी-एन, पी-एफ आणि ए-व्ही-जी ही सम्राटाची बिरुदं):

आर्केडियस: डी-एन ए-आर-सी-ए-डी-आय | व्ही-एस पी-एफ ए-व्ही-जी
होनोरियस: डी-एन एच-ओ-एन-ओ-आर-आय | व्ही-एस पी-एफ ए-व्ही-जी
युजेनियस: डी-एन ई-व्ही-जी-ई-एन-आय | व्ही-एस पी-एफ ए-व्ही-जी

उजवी बाजू तिघांची अक्षरशः एक आहे. त्यात नाव तिघांचंही आठ अक्षरांचं, त्यामुळे अक्षरं मोजून किंवा त्यांच्यातलं अंतर मोजूनही काही कळत नाही. थिओडोसियसचा लेख "थिओडो | सियस" असा तुटतो, म्हणजे उजवीकडे "एस-आय-व्ही-एस" दिसलं असतं. तुमच्याकडे डोक्यानंतर लगेच "व्ही-एस" असेल तर थिओडोसियस तिथेच बाद. दुसरा व्हॅलेंटिनियनही बाद, त्याचं उजवीकडे "ए-एन-व्ही-एस" येतं. उरले हे तिघे, आणि त्यांचा निकाल फक्त डावी बाजू देते.

रोमन नाण्यावर लेखाच्या अक्षरांचे पाय मध्याकडे आणि डोकी कडेकडे असतात. कातर कडेकडून चालते, म्हणून डोकी जातात आणि पाय उरतात. त्यामुळे अक्षर पूर्ण वाचायचा प्रयत्न सोडून द्या आणि फक्त पाय वाचा:

व्ही: एकच टोक, निमुळतं.
आय, पी, एफ, टी: एक पाय.
एन, एच, ए, आर: दोन पाय. ए-चे फाकलेले, आर-चा उजवा तिरका, एन आणि एच-चे सरळ.
ई, एल: एक पाय आणि त्याला उजवीकडे आडवी पट्टी.
डी: खाली सपाट, उजवीकडे वळलेलं.
ओ, सी, एस: नुसता बाक. जी-च्या बाकाला उजवीकडे छोटी उभी काडी.

आता डोक्यावरच्या तुटीपासून उलटं, डावीकडे खाली या. पहिला एक पाय तिघांतही "आय"चाच. त्याच्या खाली:

युजेनियस: दोन सरळ पाय, मग पट्टीवाला पाय, मग बाक, मग एक टोक.
आर्केडियस: सपाट-वळलेलं, मग दोन फाकलेले पाय, मग बाक, मग दोन पाय.
होनोरियस: दोन पाय, मग बाक, मग दोन पाय, मग बाक.

सगळ्यात खात्रीचं अक्षर म्हणजे नावाचं दुसरं. ते युजेनियसचं एक टोक, आर्केडियसचे दोन पाय, होनोरियसचा बाक. झिजलेल्या नाण्यावरही या तिघांत घोळ होत नाही. पहिल्या अक्षरावर भिस्त ठेवू नका. ते खांद्याजवळ येतं, आणि तिथे ठसा बरेचदा अर्धवट उठलेला असतो.

वाचायची पद्धत: खोली अंधारी करा. नाणं काळ्या कापडावर ठेवा आणि एकच छोटा दिवा बाजूनं, जमिनीला जवळजवळ समांतर, १० ते १५ अंशांत धरा. नाणं न हलवता दिवा गोल फिरवा. उभ्या रेघेला आडवा प्रकाश लागतो आणि आडव्या रेघेला उभा, त्यामुळे एकाच जागेवरून सगळी अक्षरं कधीच दिसत नाहीत. दर ४५ अंशांवर एक असे आठ फोटो काढा आणि मोठे करून कागदावर पाय गिरवा. समोरून पडलेल्या झगझगीत प्रकाशात चांदी नुसती चमकते आणि उथळ रेघा गायब होतात. फोटोत काही येत नाही त्याचं कारण बहुधा हेच.

सोनचाफा

तसं केलं. मागच्या बाजूला आसनाला पाय नाहीत, वर रुंद आणि खाली आवळलेलं आहे. छोट्या आकृतीला पंख आहेत.

डावीकडे तुटीपासून खाली येताना: एक पाय, दोन सरळ पाय, पाय आणि आडवी पट्टी, बाक, शेवटी छोटी काडी, मग एक टोक. त्याखाली काही लागत नाही.

रेघेखाली चार डोकी दिसतात: आडवी पट्टी, मग दोन गोलसर, मग बाक.

टांकसाळ

मग प्रश्न सुटला. आय, एन, ई, जी, व्ही. उलटं वाचा: "व्ही-जी-ई-एन-आय". युजेनियस.

टांकसाळीची खूणही तुम्हीच वाचली आहे. रेघेखालची अक्षरं नाण्याच्या तळाशी सरळ उभी असतात, म्हणून तिथे उलटं होतं: पाय कातरले जातात आणि डोकी उरतात. युजेनियसच्या सिलिक्वांवर येणाऱ्या खुणांची डोकी अशी:

ट्रियर, टी-आर-पी-एस: आडवी पट्टी, गोल, गोल, बाक.
मिलान, एम-डी-पी-एस: दोन शिखरं, सपाट-गोल, गोल, बाक.
ल्योन, एल-व्ही-जी-पी-एस: पाच अक्षरं, पहिली नुसती उभी रेघ, दुसरीची दोन उघडी टोकं.

तुमचं ट्रियर. "रोमन इम्पीरियल कॉइनेज" या नाणेसूचीच्या नवव्या खंडात ट्रियर १०६ डी. मिलानचं असतं तर ३२ सी. तो क्रमांक नोंदीत लिहा, पण सोबत "टांकसाळीची खूण वरच्या अर्ध्या भागावरून वाचली" हेही लिहा. पुढच्या माणसाला तपासायचं असेल तर कुठे बघायचं ते कळेल.

शेवटच्या पी-एस या दोन अक्षरांचा अर्थ "पुसुलातुम", शुद्ध केलेली चांदी. शहराचं नाव आधी काहीही असो, या काळच्या पश्चिमेकडच्या चांदीवर सहसा ही जोडी येते. त्यामुळे शोधताना आधी "पी-एस" शोधायचं आणि त्याच्या डावीकडे काय आहे ते वाचायचं.

गोदाकाठ

ओळख पटली, छानच. हा युजेनियस कोण ते थोडक्यात लिहितो, कारण नाण्याची तारीख त्यावरूनच ठरते.

१५ मे ३९२ रोजी पश्चिमेचा सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन गॉलमधल्या (आजच्या फ्रान्समधल्या) व्हिएन्न इथे फाशी लागलेल्या अवस्थेत सापडला. आत्महत्या की खून, यावर तेव्हाही एकमत नव्हतं. खरी सत्ता होती सेनापती आर्बोगास्टकडे. तो फ्रँक, म्हणजे रोमन नसलेल्या टोळीतला होता, त्याला स्वतःला गादीवर बसणं शक्य नव्हतं. म्हणून त्यानं २२ ऑगस्टला युजेनियसला सम्राट केलं. युजेनियस मूळचा व्याकरण आणि वक्तृत्वाचा शिक्षक, नंतर दरबारी कारकुनीत चढलेला. शिक्षकी पेशा आणि तत्त्वज्ञांसारखी दाढी यांचा संबंध बरेच जण जोडतात. मला तो पटतो, पण नाणं फक्त दाढी दाखवतं, तिचं कारण सांगत नाही.

सुरुवातीला त्याला पूर्वेचा सम्राट थिओडोसियस याच्याशी समझोता हवा होता, म्हणून त्याच्या हाताखालच्या टांकसाळींनी थिओडोसियस आणि त्याचा मुलगा आर्केडियस यांच्या नावानंही नाणी पाडली. तेव्हा ट्रियरची, याच चित्राची, पण आर्केडियसच्या नावाची सिलिक्वा मिळाली तर ती युजेनियसच्याच कारकिर्दीत पाडलेली असू शकते. विक्रेत्याच्या पाकिटावरची चूक त्यामुळे समजण्यासारखी आहे. युजेनियस ३९३ मध्ये इटलीत उतरला, मिलानची नाणी त्यानंतरची. तुमचं ट्रियरचं असल्यामुळे ती मर्यादा त्याला लागत नाही, ३९२ ते ३९४ एवढंच लिहा. त्याचा शेवट थिओडोसियसशी झालेल्या लढाईत, फ्रिगिडस नदीवर, आजच्या स्लोव्हेनियातल्या विपावा खोऱ्यात, ५ आणि ६ सप्टेंबर ३९४ रोजी. दुसऱ्या दिवशी बोरा वारा युजेनियसच्या फौजेच्या तोंडावर सुटला, असं त्या काळचे लेखक लिहितात. त्याला पकडून मारलं. आर्बोगास्टनं दोन दिवसांनी स्वतःला संपवलं.

एक शब्दाची गोष्ट. अशा सम्राटांना मराठीत काही ठिकाणी "तोतया" म्हटलेलं दिसतं. तो शब्द इथे बसत नाही. भाऊसाहेबांचा तोतया दुसऱ्याचं नाव घेऊन आला होता. युजेनियसनं स्वतःच्या नावानं आणि स्वतःच्या चेहऱ्यानं नाणी पाडली. "बंडखोर सम्राट" म्हणा.

कसोटी

खरेपणाबद्दल. आधी दाढी, मग वजन, मग धातू.

दाढी का, ते सांगतो. वर दिलेल्या तिन्ही नावांची उजवी बाजू एकच आहे आणि मागचं चित्रही तेच. म्हणजे आर्केडियसच्या साध्या नाण्यावर दाढी कोरून आणि डावीकडची दोन-तीन अक्षरं खरवडून "युजेनियस" बनवता येतो. युजेनियस दुर्मीळ आणि महाग, म्हणून हा खटाटोप कोणाला परवडतो. दहापट भिंग घ्या. ठशातून उठलेले दाढीचे केस नाण्याच्या पातळीच्या वर उठलेले असतात, कारण ठशात ते खोदलेले असतात. नंतर कोरलेले केस पातळीच्या खाली, चरांसारखे असतात, आणि चराच्या तळाशी धातू जास्त उजळ दिसतो. गंजाची खरबरीत जागा असेल तर ती जबड्याच्या रेषेवर थांबत नाही, मानेवर आणि बाजूच्या मोकळ्या जागेत पसरते. खरी दाढी कानापासून हनुवटीपर्यंत जाते आणि तिथे स्वच्छ संपते. डावीकडच्या अक्षरांच्या आजूबाजूची पातळीही बघा. तिथे खोलगट किंवा जास्त गुळगुळीत पट्टा दिसला तर अक्षरं बदलली आहेत.

वजन. सिलिक्वा कागदावर रोमन पौंडाचा १४४वा भाग, म्हणजे सव्वादोन ग्रॅमच्या आसपास. पण युजेनियसच्या न कातरलेल्या नाण्यांचं प्रत्यक्ष वजन साधारण दीड ते दोन ग्रॅम भरतं, व्यास १७-१८ मिमी. तुमचं सरासरी १३ मिमी. मूळ १७.५ धरलं तर १३ भागिले १७.५ चा वर्ग ०.५५, म्हणजे क्षेत्रफळ जवळपास ५५ टक्के उरलं आहे. १.०२ भागिले ०.५५ म्हणजे १.८५ ग्रॅम. अगदी हवं तिथे आलं. हिशोब अडीच-तीन ग्रॅमवर गेला असता, तर चकती जाड आहे, म्हणजे ओतीव नक्कल असण्याचा संशय घेतला असता. एक ग्रॅमच्या आसपास आला असता, तर तांब्यावर चांदीचा पत्रा चढवलेलं हलकं नाणं असू शकलं असतं.

धातू. विशिष्ट गुरुत्व काढायला बरेच जण सांगतात, पण तुमच्या काट्यावर ते करू नका. १.०२ ग्रॅम चांगली चांदी पाण्यात ९८ मिलिग्रॅम पाणी सारते. आत तांबं असेल तर ११२ ते ११४. फरक सगळा १५ मिलिग्रॅमचा, आणि तुमच्या काट्याचं एक पाऊलच १० मिलिग्रॅमचं. उत्तर काहीही येऊ शकतं आणि तुम्ही उगाच घाबराल. एक मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा मिळाला तरच करा. पाण्यात भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब टाका, नाहीतर बुडबुडे चिकटतात आणि चांदी हलकी वाटते. टांगायला केसासारखा नायलॉनचा धागा घ्या. सुती दोरा पाणी पितो.

सराफाकडे एक्स-रे यंत्र असतं, त्यावर ठेवायला हरकत नाही, नाण्याला इजा होत नाही. पण ते वरचा अगदी पातळ थर वाचतं. जमिनीत राहिलेल्या चांदीतून तांबं निघून जातं, म्हणून वर शुद्धता जास्तच दिसते. ९७ आकडा आला म्हणून हुरळून जाऊ नका. त्यापेक्षा सोनं आणि शिसं यांचे अंश दिसतात का ते विचारा. शिशाच्या धातुकातून काढून मुशीत शुद्ध केलेल्या जुन्या चांदीत ते थोडे राहतात, आजच्या शुद्ध केलेल्या चांदीत जवळजवळ नसतात. सराफाला ९२.५ टक्के चांदी, उरलेलं तांबं आणि बाकी सगळं शून्य असं दिसलं तर पुढे तपास करायला हवा. आणि कसाच्या दगडावर घासू देऊ नका. १३ मिमीच्या नाण्यावर ती रेघ कायमची दिसते.

नाणं आपटून आवाज ऐकायची जुनी रीतही नको. जमिनीतली चांदी शतकांनी आतून कणीदार आणि ठिसूळ होते. ओट्यावरून पडलं तरी बिस्किटासारखं मोडू शकतं.

जुनाबाजार

माझी आधीची ओळख चुकली, मागची बाजू न बघता लिहिलं. काळ्या डागांचं मी सांगतो.

पितांबरी, चिंच, रांगोळी, टूथपेस्ट, सोडा आणि अॅल्युमिनियमची पन्नी, चांदी उजळायचं द्रावण, यातलं काहीही नको. भांडं घासायला जे चालतं ते इथे केसाएवढ्या उंचीची अक्षरं घासून नेतं. सोडा-पन्नी आणि द्रावण यांनी काळा थर जातो खरा, पण खाली चुना लावल्यासारखी मेलेली पांढरी चांदी उरते आणि तिरक्या प्रकाशात दिसणारी सावली जाते. म्हणजे जे पाय वाचून नाणं ओळखलं ते पुन्हा वाचता येणार नाहीत.

ऊर्ध्वपातित पाण्यात दोन-तीन दिवस ठेवा, रोज पाणी बदला. तेलकटपणा किंवा प्लास्टिकच्या पाकिटाचा हिरवट चिकटा असेल तर शुद्ध अॅसिटोनमध्ये काचेच्या वाटीत १० मिनिटं, खिडकी उघडी ठेवून, विस्तवापासून लांब. नखं साफ करायच्या रिमूव्हरमध्ये रंग आणि तेल असतं, ते नको. नंतर कागदावर उलटं ठेवून वाळवा, पुसू नका. जांभळट-करडे, शिंगासारखे कडक डाग असतील तर ते चांदीचं क्लोराइड, त्यांना हात लावू नका. ते खरवडलं की खालचं चित्रही सोबत निघतं.

ठेवायला पुठ्ठ्याची खिडकीवाली चौकट चालेल. मऊ पीव्हीसीचं पाकीट नको.

टांकसाळ

कातरण्याबद्दल कुणी लिहिलं नाही, आणि माझ्या मते या नाण्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच आहे.

चेहरा शाबूत ठेवून चहूबाजूंनी कातरलेली सिलिक्वा हा मुख्यतः ब्रिटनचा प्रकार आहे. १९९२ मध्ये सफोकमधल्या हॉक्सन इथे सापडलेल्या साठ्यात १४,८६५ नाणी होती, त्यांपैकी १४,२१२ सिलिक्वा, आणि त्यांतली जवळजवळ प्रत्येक कमी-जास्त कातरलेली. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये नवी चांदी येणं आटलं. असलेल्या नाण्यांतून थोडी थोडी चांदी काढून घेतली गेली, पण चेहरा राहिला तोवर नाणं चालत राहिलं. काढलेल्या चांदीतून स्थानिक नकला पाडल्या असाव्यात. त्याच साठ्यात ४२८ सिलिक्वा अशा नकला आहेत, आणि त्यांची चांदी सरकारी नाण्यांइतकीच चांगली. म्हणून अक्षरं वेडीवाकडी असली तरी लगेच "आजची बनावट" म्हणायचं नाही. ती पंधराशे वर्षांपूर्वीची नक्कल असू शकते. तुमच्या नाण्याचे पाय व्यवस्थित लागले, तेव्हा ते ट्रियरचंच सरकारी नाणं.

कापांवर बाकीच्या नाण्याइतकाच करडा रंग आहे असं तुम्ही लिहिलं. हे चांगलं लक्षण आहे, कातरणं जुनं आहे. काप उजळ असते तर कोणीतरी अलीकडे तुटकी कड सरळ केली असती.

म्हणून विक्रेत्याला एकच गोष्ट विचारा: सापडल्याची जागा. ब्रिटनमध्ये सापडलेल्या अशा बऱ्याच नाण्यांची नोंद पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम या सापडलेल्या जुन्या वस्तू नोंदवणाऱ्या योजनेकडे असते आणि तिचा क्रमांक असतो. १९९६च्या ट्रेझर कायद्याप्रमाणे ३०० वर्षांवरची दोन किंवा जास्त सोन्या-चांदीची नाणी एकाच ठिकाणी मिळाली तर १४ दिवसांत कळवावं लागतं. एकटं नाणं सहसा त्यात येत नाही, पण नोंद असली तर नाण्याला गाव मिळतं. जागा न कळलेल्या कातरलेल्या युजेनियसपेक्षा जागा माहीत असलेला अभ्यासाला कितीतरी जास्त उपयोगी.

गोदाकाठ

एक पुरवणी, सिलिक्वा या नावाची. सिलिक्वा म्हणजे कॅरोब नावाच्या झाडाच्या शेंगेचं बी, वजनाचं माप. रोमन पौंडाचा १७२८वा भाग, सुमारे ०.१९ ग्रॅम. आपल्याकडे सराफाच्या तराजूत गुंज होती, आठ गुंजांचा मासा, बारा माशांचा तोळा, तशीच. सॉलिडस या सोन्याच्या नाण्यात अशा २४ बिया सोनं असायचं, आणि एका बीभर सोन्याच्या मोलाचं चांदीचं नाणं म्हणून आजचे अभ्यासक या नाण्याला सिलिक्वा म्हणतात. तेव्हाचे लोक याच नाण्याला हेच म्हणत होते असं धरून चालू नका. त्यामुळे "सिलिक्वेचं वजन ०.१९ ग्रॅम" असं कुठे वाचलंत तर ती बी आहे, नाणं नाही.

आणि पाकिटावर "भारतात सापडलेलं रोमन नाणं" असं कधी लिहू नका. आपल्याकडे, विशेषतः दक्षिणेत, जी रोमन चांदी मिळते ती मुख्यतः ऑगस्टस आणि टायबेरियस यांची देनारियस नावाची नाणी, म्हणजे याच्या साडेतीनशे-चारशे वर्षं आधीची. तिच्याशी याचा संबंध नाही.

सोनचाफा

भिंगातून पाहिलं. दाढीचे केस वर उठलेले आहेत, जबड्यावर थांबतात, मान स्वच्छ आहे. डावीकडच्या अक्षरांजवळची पातळी बाकीच्यासारखीच आहे. साफ करणार नाही, फक्त पाण्यात ठेवेन. विक्रेत्याला जागा विचारली आहे. नाणं पुढच्या महिन्यात नाशिकला नेलं तर चालेल का?

टांकसाळ

नेण्याआधी दोन गोष्टी. ब्रिटनच्या मातीत सापडलेली वस्तू तिथून बाहेर नेताना निर्यात परवाना लागू शकतो, ते विक्रेत्याकडून लेखी घ्या. आणि भारतात १९७२चा पुरावशेष कायदा १०० वर्षांवरच्या नाण्यांना लागू होतो. एकदा आत आलेलं नाणं खासगी माणसाला पुन्हा बाहेर नेणं फार कठीण जातं. तुम्ही तिकडेच राहणार असाल तर नाणं तिकडेच ठेवा, नाशिकला फोटो न्या. आठ दिशांचे काढलेले आहेतच.

नोंदीचा कागद असा करा: युजेनियस, चांदी, सिलिक्वा, ट्रियर, ३९२ ते ३९४. १.०२ ग्रॅम, १२.५ ते १३.५ मिमी, जुनं कातरलेलं. पुढे: [डी-एन ई]-व्ही-जी-ई-एन-आय | व्ही-एस पी-एफ [ए-व्ही-जी], न दिसणारी अक्षरं चौकटी कंसात. मागे: रोमा चिलखतावर, डावीकडे. खूण टी-आर-पी-एस, वरचा भाग. शेवटी जागेसाठी एक ओळ मोकळी सोडा.